आमची सांभाळणाऱ्यांची बॅच

सिस्टर म्हणून निवृत्त झाल्यावर मी निपाणीत एका सरकारी कोर्सला शिकवायला लागले. लहान मुलं, म्हातारी माणसं, अपंग माणसं यांना सांभाळायचं मोफत ट्रेनिंग. मी काय शिकवलं ते फारसं आठवत नाही. पण शिकायला आलेल्या बायकांचं एकेक असं साठलंय की चहाला कुणी बसलं की मी सुरूच होते.

*

सुशीलाक्का पन्नाशीच्या, जन्मभर विड्या वळलेल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना प्लास्टिकच्या पुतळ्याचं अंग पुसून दाखवायला सांगितलं. आक्कांनी आधी खिडकी लावली, मग पुतळ्यावर चादर घातली.

"आक्का, पुतळा आहे तो."

"व्हय की. पर माझ्या हाताला आत्तापासनंच सवय लागाय पायजे न्हवं?"

माझ्या पुस्तकात हे शेवटच्या धड्यात होतं.

*

बेळगावच्या एका वृद्धाश्रमात प्रॅक्टिकल होतं. एका आजींच्या फाईलवर लिहिलेलं, 'रात्री जेवत नाहीत. हट्टी.' आमची पद्मा कोगनोळीकडची, जैनांच्या घरातली. ती आजींशी कन्नडात दोन वाक्यं बोलली आणि थेट ऑफिसात गेली.

"सर, आजी आमच्यातल्या हैत. दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत. साडेपाचला वाढा."

त्या दिवशी आजींनी दोनदा आमटी मागून घेतली.

*

"हातवारे करत बोलू नको गं," म्हणून मी रेश्माला रोज टोकायची. पाळणाघरात ऐकू न येणारी एक चार वर्षांची मुलगी होती. कुणाकडंच जायची नाही. ती रेश्माच्या हातांकडं बघत बघत आली आणि तिच्या मांडीत बसली.

तेव्हापासून मी रेश्माला टोकत नाही.

*

अर्धांगानं वाचा गेलेले एक निवृत्त गुरुजी सुशीलाक्कांकडं सोपवले होते. उजव्या हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिलेला. गुरुजी तो फेकून द्यायचे. आक्का रोजची नोंद वहीत लिहायच्या. एकदा त्यांच्याकडून 'औषद दिले' असं लिहिलं गेलं. गुरुजींनी खुणेनं पेन मागितलं आणि थरथरत्या उजव्या हातानं 'द'चा 'ध' केला.

महिन्यानं मी वही तपासायला गुरुजींच्या घरी गेले. पानोपानी चुका. आंगोळ, दुद, जेवन. प्रत्येक चूक लाल पेनानं सुधारलेली. सुरुवातीची अक्षरं वेडीवाकडी, शेवटची जवळजवळ सरळ.

"आक्का, हे काय? परीक्षेत तर तुमची एकही चूक नव्हती."

आक्कांनी खाटेकडं बघितलं.

"हळू बोला, सिस्टर. गुरुजी ऐकतील."