नळाला मोटेचं कातडं

दुष्काळाच्या साली देवळाली प्रवरेतल्या आमच्या घरात नळ आवळायचं सगळ्यांना वेड लागलं होतं. अंगणात एकच नळ, पाणी दोन दिवसांआड, तेही दुपारी थोडा वेळ. थेंब गळताना दिसला की सासूबाई घरभर ओरडत सुटायच्या. म्हणून येता-जाता जो तो चावी आवळायचा. सासरे आवळायचे, सासूबाई आवळायच्या, त्यांच्यामागून मीही. मग व्हायचं तेच झालं. दुपारी पाणी यायचं होतं आणि सकाळीच चावी जागची हलेना.

वेळ नेमकी वाईट होती. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिची तान्ही लेक अजून पाळण्यातसुद्धा घातली नव्हती. तिच्या सासरच्या विहिरीला पाणी होतं. तिच्या सासऱ्यांचा निरोप आला होता, "तिकडं पाण्याची ओढ हाय म्हनं. उद्या गाडी घिऊन येतो, बाळंतिणीला धाडा." पहिलं बाळंतपण अर्धवट टाकून लेक जाणार, या विचाराने सासूबाई जेवल्या नव्हत्या. मलाही ते नको होतं. त्या घरात माझ्याशी खळखळून हसणारी ती एकटीच होती.

मी पदर खोचला. सासूबाई म्हणाल्या, "मोडलास म्हंजी?"

"मोडल्यालाच हाय की, आत्याबाई!"

चुलीतला निखारा चिमट्यात धरून मी नळाच्या डोक्याला लावला. बरणीचं झाकण अडकलं की शेकतो, तसाच तो शेकला. मग वरून थोडं गोडेतेल सोडलं. विहीर आटल्यापासून पाणी उपसायचं इंजिन बसून होतं, त्याचा पाना सासऱ्यांनी काढून दिला. पाना मी धरला, सासूबाईंनी मागून मला ओढलं. कर्र करून डोकं सुटलं आणि आम्ही दोघी एकीवर एक पडलो. आत पाणी अडवणाऱ्या चामड्याच्या वायसरचा पार लगदा झालेला, अर्धा तळाला चिकटलेला. केसांतल्या आकड्याने मी तो खरवडून काढला.

आता नवा वायसर कुठला? सासरे गोठ्यात गेले आणि बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची जुनी चामडी मोट घेऊन आले. इंजिन आल्यापासून तिला ते कुणाला हात लावू देत नसत. सुरीने त्यांनी तिचा गोल तुकडा कापला, मधोमध भोक पाडलं.

"घे. जल्मभर पाणीच वाह्यलंय ह्यानं."

दुपारी नळाने आधी नुसते उसासे टाकले. मग तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. बाळाला न्हाऊ घातलं तेव्हा तिने सगळं घर डोक्यावर घेतलं. चावी एका बोटाने फिरत होती. "आता आवळंल त्याची खैर न्हाई," असं मी म्हटलं ते सासऱ्यांच्याही देखत, आणि कुणी रागावलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आलीच. पेलाभर पाणी सांडलं तरी माझ्यावर डोळे वटारणाऱ्या सासूबाईंनी व्याह्यांपुढे काठोकाठ भरलेली बादली ठेवली.

"पाय धुवा, पाव्हणं. तोंडावर बी घ्या."

व्याह्यांनी बादलीकडे बघितलं, नळाकडे बघितलं. सावकाश पाय धुतले, चहा घेतला, नातीच्या हातावर रुपया ठेवला आणि रिकामी गाडी घेऊन निघाले.

आतून नणंदेने दबक्या आवाजात विचारलं, "गेले?"

"गेले," मी म्हटलं, आणि मीच तिच्या गळ्यात पडून रडले.