आमची कॅप्टन आणि माझं शाल-श्रीफळ

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमने यंदा कप जिंकला आणि सत्कार माझा झाला. फायनलमध्ये मी कोर्टवर पाय ठेवला तो टाइमआउटला पाण्याच्या बाटल्या द्यायला.

कप जिंकून दिला आमच्या कॅप्टनने. घरचे कोळिकोडचे, पण ती जन्मली शारजात, वाढली अल नहदात, आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये. केरळ तिला सुट्टीपुरतं माहीत. सेमीफायनलच्या आठवड्यात तिच्या वडिलांची नोकरी गेली. इथे नोकरी गेली की बापाचा व्हिसा जातो आणि त्याच्यामागून मुलीचाही. देश सोडायला थोडी मुदत मिळते, एवढंच. वाट एकच होती: कॉलेजने तिला स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढून द्यायचा.

स्पोर्ट्सचे सर म्हणाले, "पहले फायनल निकालो. फिर मैं मॅनेजमेंट से बात करता हूँ. हो जाएगा, इन्शाल्ला."

मला ते पटलं नाही. व्हिसा हातात येईपर्यंत कोणीच खेळायचं नाही, असं मी जेवताना म्हणाले, तर बाबांचा हातातला घास हातातच राहिला.

"ही पुण्याची मंडई नाही, बाई. इथे पत्रकं वाटत नाहीत. तूही माझ्याच व्हिसावर आहेस, विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी चेंजिंग रूममध्ये मी तरीही तेच बोलले. सगळ्या माझ्याकडे वळल्या. कॅप्टन मात्र लेस बांधतच राहिली.

"ओ लीडर, बैठ जा. तू तो बेंच पे है. तेरी हड़ताल का पता किसको चलेगा?"

मुली खो खो हसल्या. मीही हसले. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जीत गए तो मना कैसे करेंगे? हारी हुई टीम के लिए कौन साइन करता है?"

तिला वाटलं, जिंकून दिलं की आपली गरज पटेल. जिंकून दिल्यावर ती गरजच संपते, हे मला तेव्हा ओरडून सांगता आलं नाही, कारण मलाही ते नंतरच कळलं.

फायनल ती घोट्याला पट्टी बांधून खेळली. शेवटचे दोन्ही फ्री थ्रो तिचेच. मॅनेजमेंटचे लोक सूट सावरत कोर्टवर आले, तिच्या खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढून गेले. पुढच्या आठवड्यात ती सरांकडे गेली तेव्हा मी सोबत होते. सर म्हणाले, "अब तो सीझन खलास हो गया ना, बेटा. अगले साल देखेंगे."

पुढच्या वर्षी कसं बघणार होते? तोवर ती या देशात असणारच नव्हती.

सामान बांधताना तिचा बॉल कुठल्याच बॅगेत मावेना. तिने त्यात सुई खुपसली आणि हवा पूर्ण जाईपर्यंत त्यावर बसून राहिली. मग चपटा बॉल कपड्यांखाली सारला. "यल्ला, चलो," ती म्हणाली आणि चेन ओढली.

त्यानंतर आमच्या मराठी मंडळाला जाग आली. एका काकूंनी आईला फोन केला, "अहो, आपली मराठी मुलगी चॅम्पियन, आणि तुम्ही बोलला नाहीत!" मी नको म्हटलं. आई म्हणाली, "लोक प्रेमाने बोलावतात गं." एसीने गारठलेल्या हॉलमध्ये माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी माइक घेतला.

"मी फायनलमध्ये एक मिनिटही खेळले नाही. कप आमच्या कॅप्टनचा आहे. कॉलेजने तिला…"

एवढ्यातच टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष काकांनी हसत माइक काढून घेतला. "बघा, एवढं यश, तरी पाय जमिनीवर! याला म्हणतात संस्कार." टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या रांगेत बाबाही वाजवत होते, सुटका झाल्यासारखे.

घरी येऊन मी शाल सोफ्यावर फेकली आणि तिला फोन लावला. सत्काराचं ऐकून ती पोट धरून हसली. मग तिने विचारलं, "कप किधर रखा है?"

"रिसेप्शन पे. काच के अंदर."

"अच्छा है," ती म्हणाली. "देखने आऊँगी कभी. विज़िट व्हिसा लेके."

या वेळी मला हसू आलं नाही. तिलाही नाही.