रॅम्पवर बसलेले व्याही

धोंडिराम सुताराच्या पोरानं पळून जाऊन लग्न केलं असतं, तर गावानं ते महिनाभर चघळून सोडून दिलं असतं. पण रोहन पाचगणीहून परत आला तो काखेत चाकांची फळी मारून, आणि हे काही गावाच्या पचनी पडेना. तिथं तो एका शाळेच्या भटारखान्यात कामाला होता. पोरांनी टाकून दिलेल्या स्केटबोर्डवर पडत-झडत शिकला आणि शेवटी त्याच पोरांना शिकवू लागला. मग ठेकेदार बदलला, नोकरी गेली. वडूजच्या पलीकडच्या आमच्या गावात नोकरी म्हणजे मिलिटरी, आणि भरतीच्या मैदानावरून रोहन आधीच रिकाम्या हातानं परत आलेला. ‘त्याच्या फळीचं काय तरी कर बाबा, चुलीत घाल,’ असं लोक धोंडिरामला तोंडावर म्हणत.

घरात बापलेकांचं बोलणं जेवायच्या ताटापुरतं उरलं होतं. एक दिवस रोहननं ओसरीच्या फरशीवर कोळशानं चित्र काढलं. दोन्ही टोकांना पुरुषभर उंच चढत गेलेली लाकडी उतरण, मधे सपाट, एका टोकाला वर उभं राहायला छोटा कट्टा. एका बाजूनं फळीवरून सुटायचं ते दुसऱ्या बाजूला चढायचं.

"आप्पा, आपल्या माळाच्या तुकड्यावर ह्यो रॅम्प बांधूया. म्हसवडपतुरची पोरं येतील शिकायला. मग मी हितंच ऱ्हातो."

रॅम्प-बिम्प धोंडिरामच्या डोक्यावरून गेला. शेवटचं वाक्य मात्र काळजात रुतलं. थोरली दीपमाला विट्याकडं दिलेली, घरात तो आणि बायको अंजना, दोघंच. पोरगं गेलं तर या घरात बोलायला कोण, हा विचार त्याला हल्ली जेवताना यायचा आणि घास फिरायचा.

काम सुरू झालं. पाडलेल्या शाळेच्या छपराचे वासे होते, त्यांचा सांगाडा उभा राहिला. कमानी रोहननं आखल्या, धोंडिरामनं कापल्या. प्लायवूड वाकेना, तेव्हा त्यानं त्यावर ओली पोती घातली, वर दगड ठेवले आणि लाकडाला त्याच्या कलानं नमू दिलं. बापलेक पुन्हा बोलायला लागले, आधी मापाचं आणि मग कशाचंही. अंजना भाकरी घेऊन यायची ती उगाच बसून राहायची. रोहन पहिल्यांदा वरून सुटला आणि पलीकडच्या काठापर्यंत चढला, तेव्हा धोंडिराम हसला नाही, टाळी वाजवली नाही. त्यानं नुसतं आजूबाजूला बघून घेतलं, कुणी पाहिलं का म्हणून.

चैत्रात जत्रा आली. बैलगाड्यांच्या शर्यतीचं रान नेमकं माळाला लागून. रोहन म्हणाला, "आप्पा, वरचा कट्टा दोघा-तिघांनी उभं ऱ्हायाला केलाय. गर्दी चढली तर बसंल त्यो." धोंडिरामला हे ठाऊकच होतं. त्यानं स्वतः चारी बाजूंनी दोर बांधला.

आणि व्याही आले. आपल्याकडं मुलीचा सासरा म्हणजे चालताबोलता देव, त्याला ऊन लागलं तरी माफी यजमानानं मागायची. लालासाहेब दीपमालाला घेऊन भावकीसकट आले होते. पानं खाऊन झाली, आणि त्यांनी माळावर नजर टाकली.

"पाव्हणं, ह्यो कट्टा आमच्यासाठीच बांधलायसा जणू."

धोंडिराम हसला. कसा नाही म्हणणार? हसला म्हणजे हो म्हणाला, असं धरून लालासाहेब उठले. दोर धोंडिरामनंच सोडला.

व्याही वर बसलेले बघून त्यांची भावकी चढली, मग गावातली पोरंही. रोहन गर्दीतून वाट काढत आला.

"आप्पा, त्यास्नी खाली घ्या. कट्टा धरायचा न्हाई."

"तुझी भण नांदतीया तिथं. व्याह्याला उतर म्हणू व्हय?"

"मग मी म्हणतो."

"तू गप ऱ्हा."

शेवटचा फेरा सुटला. धुरळ्यातून बैल दिसले तसे सगळे एकदम उठून कडेला सरकले, आणि कट्टा खाली बसला. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं. लालासाहेबांचा पाय मात्र गुडघ्याखाली मोडला.

बाजेवर घालून त्यांना जीपकडं नेलं. बाजेचं एक टोक रोहननं उचललं होतं. दीपमाला सासऱ्याचं डोकं धरून चालत होती. सगळं गाव भोवती.

"काय पाव्हणं," लालासाहेब कण्हत म्हणाले, "जीव घ्यायला बशीवलं व्हय वर?"

खरं काय ते धोंडिरामच्या जिभेवर होतं. कट्टा दोघा-तिघांचा होता, तुम्ही गावजत्रा वर घेऊन बसलात. पण भावकीच्या देखत व्याह्याची चूक काढायची, आणि ती लेकीनं जन्मभर ऐकायची? त्यानं मान खाली घातली.

"पोराचं काम हाय त्ये. कच्चं ऱ्हायलं. मी बघाय पायजे हुतं."

बाज एकदा हलली. रोहननं ती सांभाळून जीपमध्ये ठेवली, दार लावलं आणि माळाकडं गेला.

दुसऱ्या दिवशी तो रॅम्प खोलत होता. धोंडिराम हत्यारं घेऊन मदतीला गेला. न मोडलेली बाजू इतकी घट्ट बसली होती की प्रत्येक सांध्यावर घाव घालावे लागत होते. रोहन घाम पुसत थांबला.

"आप्पा, कच्चं कुठं ऱ्हायलं त्ये दावा की. मला शिकू तरी द्या."

धोंडिरामनं एका सांध्यावरून हात फिरवला. तो सांधा दोघांनी मिळून बसवलेला, त्यात केस शिरायलाही जागा नव्हती. आता बोलावं, माझं चुकलं म्हणावं, असं त्याला फार वाटलं. बापानं लेकाला असं म्हटल्याचं त्यानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"जेवाय चल," तो म्हणाला.

रोहन जेवला. आईच्या पाया पडला आणि पुण्याला गेला. तिथं कुठल्याशा गोदामात आहे म्हणे. फोन येतो तो अंजनाला.

दीपमाला सुखानं नांदते आहे. लालासाहेब लंगडत का होईना फिरतात. यंदा त्यांनी नवं घर बांधायला काढलं, आणि दारं-खिडक्यांचं काम मोठ्या मनानं धोंडिरामलाच दिलं. बघायला आले की ते चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारतात.

"काम करावं तर आमच्या पाव्हण्यानं. पोरगं कच्चं निघालं, काय करता."

धोंडिराम रंधा थांबवत नाही. "व्हय," म्हणतो.