कूलरचं गार पाणी

आमच्या कॉलेजातल्या समुपदेशनाच्या खोलीकडे मुलं फिरकत नसत. दारात कुणी दिसलं की लगेच कुजबुज व्हायची, "याचं काहीतरी बिनसलंय." शेवटी समुपदेशक बाईंनी व्हरांड्यातला पाण्याचा कूलर आपल्या खोलीत हलवून घेतला.

तेव्हापासून परीक्षा जवळ आली की मुलांना भलतीच तहान लागते. एकेक जण बाटली घेऊन आत जातो आणि बऱ्याच वेळाने नाक पुसत बाहेर येतो. विचारलं तर म्हणतो, "पाणी फार गार आहे, सर."

रडायलासुद्धा माणसाला काहीतरी काम काढावं लागतं, असं स्टाफरूमच्या खिडकीतून बघताना मला वाटायचं. काल मीही बाटली घेऊन गेलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, भरलेलीच आहे ती. बसा."