गळवाला सलाम

सैनिकाला सलाम करणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण दुसऱ्याच्या गळवाला सलाम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांना मी भाऊजी म्हणतो. नागभीडच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सासुरवाडीत मला गळू झालं, तेही अशा जागी की जावयाला पाटावर बसता येईना. बातमी कळताच भाऊजी सायकल हाणत आले. "दाखव," म्हणाले. मी लाजलो, नाही म्हणालो, शेवटी दाखवलं. त्यांनी चपला काढल्या, ताठ उभे राहिले आणि खाडकन सलाम ठोकला.

"भाऊजी, हे काय?"

"तुले तिथं पू दिसते. मले हुतात्मे दिसतात. जंतूईशी लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशी आहेत त्या. उठून बस नीट!"

बसता येत असतं तर मी पालथा कशाला पडलो असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर या माणसाचा जीव होता. कुणाला ताप आला की आपण हळहळतो. भाऊजी अभिनंदन करत. "फौज निघाली, घाबरू नोको!" संत्रं सोलून दोन भाग करत, एक स्वतःचा आणि एक फौजेचा, मग दोन्ही भाग स्वतःच खात. दाढी करताना कापलं तर तुरटी लावायचं सोडून आरशात निरखत बसत. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, हिला आम्ही सगळे बाई म्हणतो. बाई वैतागून म्हणायच्या, "घरात चोर शिरला तरी हा मानूस पह्यले पांढऱ्या पेशींलेच हाक मारन."

वर्गात ते शिकवत की पांढरी पेशी जंतूला गिळते. हे शिकवण्यात त्यांची हयात गेली. आणि मग, दोन हजार सालानंतरची गोष्ट, कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की काही पेशी नुसत्या गिळत नाहीत. त्या स्वतः फुटतात, आपल्याच पोटातले धागे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात जंतूंना अडकवतात. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. "इतक्या पोराईले मी अर्धंच शिकवलं," एवढंच घोकत राहिले. मग सुरू झाली दुरुस्ती. बाजाराच्या दिवशी वांगी निवडणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याचा दंड धरून ते सांगत. एसटीच्या कंडक्टरला, हातातली घंटीची दोरी सोडायला लावून सांगत. एका लग्नात अक्षता टाकता टाकता ते नवरदेवाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बापू, ध्यानात ठेव, नुसते गिळत नाई, जाळंबी टाकतात." नवरदेवाने घाबरून आधी नवरीकडे आणि मग सासऱ्याकडे पाहिलं.

नव्या पोरांना हे डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी देवाजीला जाळ्यासकट वर्गात बोलावलं. देवाजी त्यांचा जुना विद्यार्थी, तळ्यावर मासे धरणारा. वर्गात भाऊजींनी जाळं गरगर फिरवून फेकलं, आणि त्याच क्षणी गोंधळ ऐकून हेडमास्तर दारात आले. जाळ्यात हेडमास्तर सापडले, एक स्टूल सापडलं आणि पाय गुंतून भाऊजी स्वतःही सापडले. हेडमास्तरांच्या कोटाच्या गुंडीतून दोरा सोडवता सोडवता देवाजी म्हणाला, "सर, जाळं फेकनं सोपं हाये, आवरनं कठीन." सगळा वर्ग हसला. भाऊजी सगळ्यात जास्त हसले.

पुढे त्यांची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ वळेना, हातातून खडू गळून पडे. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तुमच्याच पांढऱ्या पेशी चुकून तुमच्या सांध्यांवर तुटून पडल्या आहेत. त्यांना लगाम घालणारी गोळी आठवड्यातून एकदा घ्या, नाहीतर हात जातील. भाऊजींनी गोळ्या खिशात घातल्या, घरी येऊन फडताळात ठेवल्या आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"जन्मभर ज्याईनं मले राखलं, त्याईच्यावर मी हात उचलू?"

मी समजावलं, चिडलो, पाया पडलो. ऐकतील तर शपथ. शर्टाच्या गुंड्या बाई लावून देऊ लागल्या, भात बाई कालवून देऊ लागल्या. एकदा त्यांचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेऊन बाई त्या हातातल्या पेशींशीच बोलत बसलेल्या मी पाहिल्या, "सोडा रे बापहो, सोडा त्याईले. मास्तर हायेत ते, हातानं पोट भरतात." ते ऐकून मी अंगणात निघून गेलो.

एका दुपारी त्यांना मोकळी हवा लागावी म्हणून तळ्यावर घेऊन गेलो. देवाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. पावसाळ्यात बुडालेल्या खोडाला अडकून राहिलेलं आपलं जुनं जाळं तो ओढत होता. त्यात कुजलेले मासे होते, खेकडे होते आणि पाय गुंतलेली एक पाणकोंबडी फडफडत होती. देवाजीने कमरेचा विळा काढला आणि जाळं कापायला सुरुवात केली.

भाऊजी ओरडले, "अरे, तुझंच जाळं ना ते! काऊन कापून राह्यला?"

"माझंच हाये, सर. जाळ्यावर माझा राग नाई. पन पडून राह्यलं का मंग ते कोनाले ओळखत नाई."

पाणकोंबडी लंगडत गवतात शिरली. भाऊजी बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत राहिले. "म्हंजे माझंबी जाळं पडून राह्यलं," असं काहीसं पुटपुटले. घरी आल्यावर फडताळ उघडून त्यांनी बाईंकडे पाणी मागितलं. बाई पाणी घेऊन अशा धावल्या की अर्धा पेला जमिनीवर सांडला.

तेव्हापासून गोळीचा वार बाजाराचा ठरला. "आज फौजेले सुट्टी," म्हणून ते गोळी घेत आणि बाजारात जाऊन जुन्या विद्यार्थ्यांची पुन्हा दुरुस्ती करत: "गिळतात, जाळं टाकतात, अन् नाई आवरलं तं असं होते, हे पाह्य माझे बोटं." सूज उतरली, दुखणं थांबलं. पण जी बोटं वाकली होती ती वाकलेलीच राहिली, आणि फळ्यावरचं त्यांचं ते सुरेख अक्षर पुन्हा काही दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात मला मानेवर गळू झालं. बायको म्हणाली डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, जातो, पण आधी नागभीड. भाऊजींना कुणी बऱ्याच दिवसांत गळू दाखवलं नव्हतं. त्यांनी ते चष्मा लावून पाहिलं, हरखले, चपला काढल्या, ताठ उभे राहिले. हात वर गेला खरा, पण बोटं सरळ होईनात. भुवईपाशी तो हात लिंबू धरल्यासारखा वाकडाच थांबला. मी तो हात खाली घ्यायला पुढे झालो.

"राहू द्या, भाऊजी."

"काऊन राहू देऊ? वाकडा तं वाकडा," ते म्हणाले. "ज्याईनं वाकडा केला, त्याईलेच हाये सलाम."