आयुक्तांचं बोलणं तेलुगूत सांगताना

भोंगा लावलेली रिक्षा आमच्या गल्लीत आली की मी सहसा मशीन थांबवत नाही. कचरागाडीची वेळ बदलली असेल, नाहीतर लहान मुलांना डोस द्यायचा असेल. त्या मंगळवारी मात्र पाय आपोआप थांबले. महापालिकेचे आयुक्त दुपारी चार वाजता शाळेच्या हॉलमध्ये येणार होते आणि पुढच्या सभेत आमच्या भागाचे कोणते विषय येणार, ते स्वतः सांगणार होते.

झालेल्या कामाचा नारळ फोडायला येणारे मी पाहिले होते. व्हायच्या कामाबद्दल आधी येऊन कुणी सांगतं, हे मला नवीन होतं. टॉवेलच्या कडा शिवायचं काम तसंच ठेवून मी निघाले. निघता निघता आईचा फोन आला. माझं माहेर मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरचं. कुठं चाललेय ते ऐकून आईनं विचारलं, "आयुक्त म्हंजे कलेक्टरच का गं?"

"नाही गं. कलेक्टर जिल्ह्याचा, हे शहराचे."

"मग तू कशाला चाललीस तितं?"

"बघायला," मी म्हणाले. दुसरं काही कारण माझ्याकडे नव्हतं.

भवानी पेठेतल्या त्या शाळेचा हॉल म्हणजे दोन वर्गांमधलं लाकडी दार सरकवून केलेली एक लांब खोली. आम्ही पन्नासेक जण मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो होतो. आयुक्त साहेब खुर्चीवर बसले नाहीत. फळ्याजवळ उभे राहिले, शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि हातातला कागद वाचायला लागले. पहिला विषय नव्या गटाराचा, दुसरा रस्त्याच्या दिव्यांचा. भाषा कार्यालयातली होती: मंजुरी, प्रस्तावित, हरकती व सूचना. पुढच्या तीन बाकांवर विणकरांच्या घरातल्या बायका होत्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या. बाजारापुरतं मराठी त्यांना चांगलं येतं, पण हे मराठी बाजारातलं नव्हतं.

साहेबांच्या ते लक्षात आलं असावं. वाचता वाचता ते थांबले.

"समजतंय ना?"

पुढच्या बाकांवर कुजबुज झाली. मग एक बाई म्हणाली, "थोडं थोडं."

"इथं तेलुगूत सांगू शकेल असं कुणी आहे?"

तिन्ही बाकांवरच्या बायकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला तेलुगूचं अक्षरही येत नव्हतं. पण नळ सगळ्यांचा मिळून एक होता, आणि नळावर दुसरी भाषा नव्हती. वर्षभरात मी भांडायला शिकले, मग हसायला. तेच माझं तेलुगू. त्यात आयुक्त, प्रस्ताव असले शब्द कुठून असणार? तरी मी उठले, कारण मला स्वतःलाच बघायचं होतं की हे त्या भाषेत कसं सांगता येतं.

गटार आणि दिवे सोपे गेले. 'हरकती'ला मात्र अडले. शेवटी म्हणाले, तुम्हाला एखादी गोष्ट पटली नाही, तर गप्प बसून नंतर बोलू नका, आत्ताच लिहून द्या. बायका हसल्या. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"एवढ्याशा शब्दाला एवढं मोठं वाक्य?"

"शब्द माझ्याकडे नाही साहेब. म्हणून अर्थ सांगितला."

"बरं केलंत," ते म्हणाले. "मराठीतही कधी कधी असंच सांगायला पाहिजे."

तिसरा विषय पाण्याच्या टाकीचा होता. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत उंच टाकी बांधायचा प्रस्ताव सभेपुढे येणार होता. मी सांगितलं: शाळेमागे जी 'खाळी' जागा आहे, तिथं टाकी येणार.

पहिल्या बाकावरची म्हातारी उठून उभी राहिली. सगळी गल्ली तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणते. सूत रंगवण्यात तिचा जन्म गेलेला, नखांच्या कडा कायमच्या निळ्या.

"एवरन्नारु खाळी?" ती मला म्हणाली. कोण म्हणालं रिकामी?

मी साहेबांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती थांबली नाही. तिथं बांबू रोवलेले आहेत, रंगवलेल्या सुताच्या लडी आम्ही तिथं वाळवतो, माझ्या सासूच्या आधीपासून. ती जागा रोज भरलेली असते, तू रोज बघतेस आणि रिकामी म्हणतेस?

तिचं सगळं बोलणं मी मराठीत सांगितलं. मला म्हणाली तेसुद्धा गाळलं नाही.

"पण मी 'मोकळी' म्हणालो होतो," साहेब म्हणाले. "तुम्ही काय सांगितलंत?"

"रिकामी. मला तेवढाच शब्द येतो."

चूक माझी होती. पण साहेब चिडले नाहीत. त्यांनी टेबलावरचा नकाशा उलगडला आणि शाळेमागच्या चौकोनावर बोट ठेवलं. चौकोन कोरा होता. त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "चला, बघून येऊ."

हॉलमधले निम्मे लोक मागोमाग आले. मागच्या जागेत ऊन तिरपं आलं होतं आणि लाल, हिरव्या, पिवळ्या लडी बांबूंवर ओळीनं लटकल्या होत्या. साहेबांनी एका ओल्या लडीला हात लावला. बोट लाल झालं. त्यांनी ते पुसलं नाही. लड वाळायला किती वेळ लागतो, पावसाळ्यात काय करता, असं एकेक विचारत राहिले. मी बोलणं इकडून तिकडे नेत होते.

मग अव्वानं विचारलं, "तुम्ही नको म्हणालात तर टाकी थांबते का?"

"नाही," ते म्हणाले. "मी विषय मांडतो. ठरतं सभेत. पण सभेला काय सांगायचं, ते मला आज इथं कळतंय. तुमचं म्हणणं लिहून द्या."

हे तेलुगूत सांगताना मला पहिल्यांदाच कळलं की निर्णय एका माणसाच्या हातात नसतो. मला वाटायचं, वर एक साहेब असतो आणि तो सही करतो. अव्वालाही तसंच वाटत असावं. ती बराच वेळ मान हलवत होती.

पत्र मीच लिहिलं. टाकीला आमचा विरोध नाही, पाणी आम्हालाही हवं आहे, पण बांबूंची जागा ठेवा, एवढंच. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. सात रस्त्याजवळच्या दुकानात टॉवेलचे गठ्ठे पोचवायला गेले, तेव्हा तिथंच शेजारी त्याची झेरॉक्स काढली आणि तशीच पुढे महापालिकेत जाऊन पत्र देऊन पोच घेतली. तो शिक्का मी घरी येऊन दोनदा बघितला.

महिन्याभरात महापालिकेतून आम्हाला बोलावणं आलं. अव्वा आणि मी गेलो. एका इंजिनिअरनं नवा नकाशा दाखवला: टाकी पश्चिमेच्या कोपऱ्यात सरकवली होती आणि कोऱ्या चौकोनात 'सूत वाळवण्याची जागा' असं लिहिलं होतं. बांबूंची एक ओळ मात्र जाणार होती.

अव्वानं नकाशा नीट बघितला. "टाकीची सावली कुठं पडणार?" तिनं विचारलं.

इंजिनिअर गडबडला. त्यानं कागदावर रेघा ओढल्या, खिडकीतून बाहेर बघितलं. "दुपारनंतर तुमच्या दोन ओळींवर पडेल," तो अपराध्यासारखा म्हणाला. "अजून सरकवता येणार नाही, आजी."

मी सांगितलं, आणि अव्वा हसली. "सरकवू नको म्हणावं. गडद निळा रंग कडक उन्हात उडतो. मी तो आजवर जुनं लुगडं आड धरून वाळवला."

इंजिनिअरनं पेन खाली ठेवलं आणि मलाच विचारलं, कुठला रंग उन्हात चालतो आणि कुठला नाही. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलंच नव्हतं. अव्वा सांगत गेली, मी मराठीत आणत गेले, आणि बाहेर पुढची माणसं ताटकळत राहिली.

सभेत विषय मंजूर झाला. टाकीचे खांब आता शाळेच्या भिंतीच्या वर आले आहेत. सावली अजून बुटकी आहे, निळ्याला पुरेल इतकी व्हायला वेळ लागेल. त्या आयुक्तांची बदली झाली, पण पुढच्या सभेचे विषय शाळेच्या फाटकावर लावायची पद्धत राहिली आहे. कागद लागला की बायका मला बोलावतात. मी आधी मराठीत वाचते, मग तेलुगूत सांगते, आणि एखादा शब्द अडला तर अव्वाला विचारून घेते.