सर्वणच्या चित्रातला राखणदार

"बाय, राखणदार खंय गेलो गे?"

काकींनी विचारलं आणि माझ्या हातातला कापसाचा बोळा हवेतच थांबला.

मी जुनी चित्रं साफ करते. याला कॉन्झर्वेशन म्हणतात. सोप्या शब्दांत, चित्रकाराने केलेलं ठेवायचं आणि नंतर चढलेलं काढायचं. गोव्यातल्या सर्वण गावी, काकींच्या या घरी एकोणिसाव्या शतकातलं एक युरोपीय तैलचित्र होतं. दाट झाडी, मधे मोकळी जागा, तिथे निवांत ऊन. काकींच्या आजेसासऱ्यांनी लिलावात घेतलेलं. चित्र घराबाहेर न्यायला काकींची सक्त मनाई, म्हणून मी त्यांच्या ओसरीवरच टेबल मांडलं होतं.

चित्राच्या मधोमध एक तपकिरी डाग होता. ठरवून बघितलं तर काठी घेऊन उभ्या माणसासारखा. तो व्हार्निशच्या, म्हणजे चित्रकाराने शेवटी दिलेल्या पारदर्शक थराच्या वर होता. म्हणजे चित्रकाराचा नव्हे. मी कोपऱ्यात टेस्ट घेतली, फोटो काढले आणि डाग पुसला. सगळं नियमाप्रमाणे. घरात कुणाला विचारायचं तेवढं राहिलं.

काकींचा मुलगा मनोहर धावत आला. त्याच्याकडून कळलं, तो डाग म्हणजे रानाचा राखणदार. दर अमावास्येला काकी चौकटीवर पेटती विडी ठेवतात आणि त्याला तेलाचं बोट लावतात. आधी त्यांच्या सासूबाई लावायच्या. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय घरात कुठलंच कार्य होत नाही. आणि परवा नातीचा साखरपुडा!

"मॅडम, इल्लोसो रंग लायल्यार जातलो मगे?" मनोहर कुजबुजला.

"नाही हो, थोडासाही रंग नाही. मूळ चित्रात नाही ते मला रंगवता येत नाही."

"मग साखरपुडो तुमच्या नियमान करूया?"

दोन पिढ्यांच्या बायकांनी बोटाने उभा केलेला माणूस मी दहा मिनिटांत पुसला होता.

काकी चष्मा लावून चित्राजवळ गेल्या. मधोमध बोट दाखवलं.

"ही वाट आदीं आसली?"

डागाखालून एक पायवाट निघाली होती, थेट झाडीत शिरणारी.

"होय काकी. तेल-धुराच्या थराखाली झाकली होती."

"तर मगे! वाट सांपडली, भोंवडेक, फिरपाक गेलो. इतलीं वर्सां एकाच जाग्यार उबो करून दवरिल्लो आमीं तेका." मग मनोहरला म्हणाल्या, "नारळ हाड."

नारळ आला आणि रिकाम्या रानापुढे गाऱ्हाणं झालं. साखरपुडाही झाला. विडी यापुढे खिडकीत ठेवायची, एवढं मी कबूल करून घेतलं. तेलाच्या बोटाचं बोलायचा धीर झाला नाही.

सहा महिन्यांनी मनोहरने फोटो पाठवला. पायवाटेवर एक तेलकट ठिपका. खाली लिहिलं होतं, "आई म्हणता, आयलो."

मी फोटो मोठा करून बघितला. ठिपक्यात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. "बरं झालं," असं उत्तर पाठवलं.

चित्र हातात घेण्याआधी मी एक फॉर्म भरून घेते. त्यात माप, कॅनव्हास आणि व्हार्निश यांच्या खाली आता एक रकाना वाढवलाय: चित्रात कोणी राहतं का?